दवाखान्याचा उंबरठा

आपल्या वर्गात एकदा विचारून पाहा : बोले ठराव म्हणजे काय? थोडी वाचणारी मुले असतील ती सांगतील की, १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी तो मांडला आणि त्याने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. पुढे महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो त्याच ठरावाच्या आधारावर. उत्तर बरोबर आहे. मीही कित्येक वर्षे एवढेच शिकवीत आलो. पण पुढे तो ठराव मुळातून वाचण्याचा योग आला आणि त्याच्या शेवटच्या ओळीशी मी थबकलो. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांच्यामागून शाळा, न्यायालये, कचेऱ्या अशी यादी येते, आणि अगदी अखेरीस एक शब्द येतो : दवाखाने.

तळ्याची गोष्ट आपण लक्षात ठेवली, दवाखान्याची विसरलो. असे का झाले असावे? तळ्यावर हजारो माणसे जमली, मोर्चा निघाला, मारहाण झाली, खटले चालले. दवाखान्याच्या दारातून परत फिरणारा माणूस मात्र एकटा असतो आणि बहुधा रात्रीचा असतो. तो मोर्चा काढीत नाही. त्याच्या बैलगाडीत कोणीतरी कण्हत पडलेले असते.

आणि दुसरेही एक कारण आहे. विहिरीचे पाणी वरून ओतता येते. शाळेतल्या मुलाला व्हरांड्यात बसवून शिकवता येते. तशी बसवलेली मुले आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी पाहिली असतील. कचेरीतला कागद लांबून टाकता येतो. हे सारे वाईटच, पण त्यात काम कसेबसे तरी उरकते. वैद्यकाचे तसे नाही. नाडी बघायची तर मनगट धरावे लागते. छाती तपासायची तर कान लावावा लागतो. अडलेल्या बाईला मोकळे करायचे तर हात लागतोच. शिवल्याशिवाय जो धंदा चालतच नाही, त्या धंद्यात शिवाशिव आली म्हणजे काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

बोल्यांच्या ठरावाआधीची एक हकीगत सांगतो. ती पुण्याची आहे आणि आपल्या दौंड तालुक्यापर्यंत येते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. थोड्याच महिन्यांत साथ पुण्यात पोहोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात रँडसाहेबाची प्लेग कमिटी बसली, गोरे सोजीर घरोघर घुसू लागले. पुढचा इतिहास आपणांस पाठ आहे : २२ जूनची रात्र, गणेशखिंड, चाफेकर बंधू. परंतु त्या आरडाओरड्यात एक गोष्ट झाकून राहते. लोक घराच्या झडतीला भ्याले, तसेच, किंबहुना त्याहून जास्त, ते इस्पितळाला भ्याले. मुंबईत तर ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, असा समज होता. आणि प्लेगच्या बाबतीत तो फारसा खोटाही नव्हता, कारण रोगी तेथे पोहोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे.

पण भीतीत आणखी एक पदर होता. तेथे कोणाच्या शेजारी निजवतील? पाणी कोणाच्या हातचे देतील? सरकारने अखेर या भीतीशी तडजोड केली. जातीजातींना आणि धर्माधर्मांना आपापली प्लेगची इस्पितळे काढण्याची मुभा मिळाली. मुंबईत अशी कितीतरी उभी राहिली. पुण्यात टिळकांच्या खटपटीने हिंदूंसाठी इस्पितळ निघाले. टिळकांची धडपड खरी होती. शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी कोरडेही ओढले होते. पण या व्यवस्थेचा हिशेब मांडून बघा. ज्या जातीत वर्गणी देणारे शेठसावकार, त्या जातीचे इस्पितळ. ज्या जातीत असा कोणी नाही, त्या जातीने काय करायचे? सरकारी छावणीत जायचे, नाहीतर झोपडीतच पडून राहायचे.

या वेळी हडपसरच्या सासाणे माळावर एक लहानसा दवाखाना चालू होता. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र यशवंत हे सैन्यात डॉक्टर होते. त्यांनी तो चालविला आणि सावित्रीबाई रोगी आणून त्यांच्या स्वाधीन करीत. गावाबाहेरचा उघडा माळ, तेव्हा कोणाचा विटाळ मानायचा? मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या घरचा एक मुलगा प्लेगने पडल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीशी घेऊन दवाखान्यात आणला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. वय सहासष्ट. आपल्या पाठ्यपुस्तकांत सावित्रीबाई म्हणजे मुलींची पहिली शाळा. ती खरीच; पण त्यांचा शेवट शाळेत झाला नाही, दवाखान्याच्या वाटेवर झाला.

हडपसरहून सोलापूरच्या रस्त्याने निघालात तर यवत मागे टाकून चौफुला लागतो आणि तेथून जवळच केडगाव. शिरूरकडचे लोक न्हावऱ्यावरून चौफुल्याला येतात, त्यांनाही हा रस्ता ठाऊक आहे. त्याच १८९७ साली या केडगावच्या माळावर मुलींची एक मोठी वसाहत उभी राहू लागली. पंडिता रमाबाईंचे शारदासदन तोवर पुण्यात होते. दुष्काळात अनाथ झालेल्या मुली त्यांनी आणल्या, आणि पुण्यात प्लेग, म्हणून तेथे आणखी मुली ठेवण्याची सोय राहिली नाही. मग केडगावची जमीन कामी आली. पुढे तिचेच मुक्तिसदन झाले.

रमाबाईंनी त्या वर्षी आणखी एक गोष्ट केली. मे महिन्यात त्यांनी एका इंग्रजी पत्रात पत्र लिहून पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळाच्या कारभारावर, विशेषतः तेथे ठेवलेल्या तरुण मुलींच्या सुरक्षिततेबद्दल, कडक टीका केली. त्यांच्या आश्रमातली मुलगी तेथे पाठविली गेली होती. तेव्हा त्या ऐकीव बोलत नव्हत्या. सरकारने ही तक्रार नाकारली. आता गंमत पाहा. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. धर्मांतरावरून पुण्याच्या सनातनी मंडळींशी त्यांचे उघड वैर. तरीही इस्पितळाबाबत त्या आणि त्यांचे विरोधक एकाच बाजूस उभे होते. म्हणजे इस्पितळाची भीती हा निव्वळ अडाणीपणा नव्हता. गरीब, परजातीची, एकटी बाई त्या दारातून आत गेली की तिचे काय होईल याची हमी कोणी देत नव्हते. आजही एखादी बाई इस्पितळाला नको म्हणते तेव्हा आपण पटकन म्हणतो, ‘अडाणी आहे.’ मला वाटते, आधी विचारावे की तिला काय आठवते आहे.

आता १९२३ कडे परत येऊ. ४ ऑगस्टला ठराव मंजूर झाला, सप्टेंबरात सरकारने खात्यांना तसा हुकूम पाठवला. कागद झाला. पण स्थानिक मंडळ्या हलेनात. तेव्हा १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव आणला, आणि तो मला पहिल्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हा ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांची सरकारी ग्रँट बंद करा. बोले हे मुंबईच्या कामगार वस्तीत मुरलेले गृहस्थ. माणसाचे मन वळवायला वेळ लागतो, पण ताळेबंद लवकर वळतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

ठरावाला सहा वर्षे उलटून गेल्यावर, डिसेंबर १९२९ मध्ये, गांधीजींच्या ‘यंग इंडिया’त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले. डॉ. आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत ते उद्धृत केले आहे. काठेवाड म्हणजे परमुलूख, पण पत्र शिक्षकाचे आहे, म्हणून तुम्हां शिक्षकांसाठी ते जरा सविस्तर सांगतो. त्यांची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. श्वास लागला, बरगड्या दुखू लागल्या. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. शिक्षक गावच्या नगरशेठाकडे आणि दरबाराकडे गेले. त्यांनी दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा डॉक्टर निघाला, पण एका अटीवर : रोग्याला वस्तीबाहेर आणावे. दोन दिवसांची बाळंतीण उचलून बाहेर आणली. मग डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला. त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. रात्रीचे आठ वाजले होते. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने पारा पाहिला, न्यूमोनिया आहे म्हणाला आणि निघून गेला. औषध आले, पण डॉक्टर पुन्हा आला नाही. बाई गेली.

या गोष्टीत डॉक्टरने नकार दिलेला नाही, हे ध्यानात घ्या. तो आला. त्याने निदान केले, औषध पाठवले. उद्या चौकशी झाली असती तर कागदावर सारे ठीकठाक दिसले असते. दार उघडे असूनही माणूस बाहेर कसा राहतो, ते या एका थर्मामीटरने जितके सांगितले तितके कोणत्याही समितीने सांगितले नसेल.

आपल्या शिरूर-दौंड भागात ही कथा एवढ्यावर संपत नाही. शिरूर, म्हणजे जुन्या लोकांचे घोडनदी, हे लष्करी ठाणे होते. तेथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने काम सुरू केले, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. दौंडला रेल्वे आली. म्हणजे बाहेरचे जग येथे लवकर पोहोचले. पण घोड आणि भीमा यांच्या मधल्या गायरानांवर आणि माळांवर राहणाऱ्या फासेपारध्यांकडे ते फौजदाराच्या रूपाने पोहोचले.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जमातच्या जमात जन्माने गुन्हेगार ठरविणारा हा कायदा. ज्यांची नोंद झाली त्यांना हजेरी, आणि ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर पास. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती, ती अनेकांना माहीत आहे. आता या कायद्याकडे रोग्याच्या बाजूने पाहा. पोर तापाने फणफणले आहे आणि दवाखाना दुसऱ्या गावी आहे. पास काढायला पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यावर जायचे. न जावे तर हद्द सोडल्याचा गुन्हा. ज्याला अंगावरचा खाकी कपडा दिसताच रानात पळण्याची तीन पिढ्यांची सवय लागली, तो पांढऱ्या कपड्यातल्या माणसापुढे एकदम निर्धास्त बसेल, ही अपेक्षा कशी करावी?

योगायोग असा की, १९२८ साली दलित व आदिवासी वर्गांची स्थिती पाहण्यासाठी मुंबई सरकारने जी समिती नेमली तिचे अध्यक्ष स्टार्ट हे याच गुन्हेगार वसाहतींचे अधिकारी होते, आणि त्या समितीत डॉ. आंबेडकर व ठक्करबाप्पा हे सभासद होते. तिचा अहवाल १९३० चा आहे. ज्याच्या हाती कुंपणाची किल्ली, त्यालाच आतल्या माणसांच्या दुःखाची चौकशी सोपवली, असे म्हणावेसे वाटते. पण हेही खरे की ती माणसे पाहिलेले अधिकारी फार थोडे होते.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली गेला आणि साऱ्या देशातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मग १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा अधिनियम आला. त्याचे पाचवे कलम केवळ इस्पितळे, दवाखाने, शिक्षणसंस्था व वसतिगृहे यांतील प्रवेशाबद्दल होते; नाकारल्यास तेव्हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. पुढे १९८९ साली अत्याचार प्रतिबंधाचा कायदा झाला आणि २०१५ साली त्यात दुरुस्ती झाली. ती जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यातही इस्पितळ, दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र यांत जाण्यास अडवणे हा गुन्हा म्हणून पुन्हा लिहावे लागले. १९२३, १९५५, २०१६. एकच दार कायद्याने तीनदा उघडले. दार उघडे राहते तर दुसऱ्यांदा कशाला उघडावे लागले असते?

हे दुखणे आपल्यापुरतेच आहे असे मात्र समजू नका. जोतिराव फुले यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. त्या अमेरिकेत गुलामी गेल्यावर शंभर वर्षे काळ्या रोग्यांसाठी दक्षिणेकडच्या राज्यांत वेगळे वॉर्ड होते, नाहीतर वेगळी इस्पितळे. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. तरी दारे किलकिलीच राहिली. मग जुलै १९६६ मध्ये म्हाताऱ्या माणसांच्या उपचाराचा खर्च सरकारने उचलण्याची मोठी योजना सुरू झाली आणि सरकारने सांगितले : जे इस्पितळ रंगभेद पाळील त्याला यातला पैसा मिळणार नाही. काही महिन्यांत हजाराहून अधिक इस्पितळांनी आपले वॉर्ड एक केले! आपल्या बोल्यांनी हीच युक्ती बरोबर चाळीस वर्षे आधी सुचवली होती.

पण त्याच देशात अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथे दुसरी एक गोष्ट घडली. १९३२ पासून उपदंशाने आजारी असलेल्या सुमारे चारशे काळ्या माणसांना सरकारी डॉक्टर नुसते पाहत राहिले. रोग पुढे कसा वाढतो ते टिपून ठेवायचे होते. पेनिसिलिन मिळू लागले तरी त्यांना दिले नाही. १९७२ साली बोभाटा झाला तेव्हा ते थांबले. तेथे पुढच्या पिढीतला माणूस सरकारी लस घ्यायला कचरला, तर त्यामागे ही आठवण असते. वॉर्ड महिन्यांत एक करता येतात. विश्वासाला पिढ्या लागतात.

आता आपल्या घराजवळचे. रांजणगावला कारखाने आले, कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, नगर रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर मोठमोठ्या इस्पितळांच्या पाट्या लागल्या. सरकारी हिशेबाने सपाटीच्या मुलखात तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असते. हिशेब गावाच्या डोक्यांवर चालतो. दोन गावांच्या शिवेवर, गायरानात जी दहा-पंधरा पालं पडलेली असतात ती कोणत्या गावात मोजायची? दोन्ही गावे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अनुसूचित जाती-जमातींमधले पाच वर्षांखालचे बालमृत्यू इतरांहून अधिक दिसले. फासेपारधी अनुसूचित जमातीतच येतात; पण त्या मोठ्या आकड्यात आपल्या माळावरचे पाल वेगळे दिसत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी स्वतः तापाने एका दवाखान्यात गेलो होतो. कोणता ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. रांगेत माझ्यापुढे एक पारधीण होती, कडेवर लहान मूल. खिडकीतल्या माणसाने केसपेपर करताना विचारलं, “गाव?” तिनं गावाचं नाव सांगितलं. “गावात कुठं?” “पालावर.” त्याचा पेन थांबला. आधार कार्ड मागितलं, ते नव्हतं. तो काही वाईट बोलला नाही, रागावलाही नाही. “जरा बाजूला थांबा बाई,” एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे वळून, “या सर.” मी पुढे झालो. माझा केसपेपर झाला. आत जाऊन तपासून, गोळ्या घेऊन अर्ध्या तासाने बाहेर आलो, तेव्हा ती तेथे नव्हती. इतिहासाचा प्राध्यापक, थर्मामीटरची ती गोष्ट वर्गात दरसाल सांगणारा. पण “आधी त्यांचं करा” एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. अंगात ताप होता, असे मी घरी सांगितले.

तेव्हापासून मी एक उद्योग आरंभला आहे आणि तुम्हीही तो आपल्या गावी करावा असे सुचवतो. गावात ऐंशी-पंच्याऐंशीचे कोणी असतील त्यांना विचारा : आपल्या लहानपणी दवाखाना कोठे होता, आणि आपल्या वाड्यातली माणसे कोठे उभी राहत? मुलांना बरोबर न्या, उत्तरे वहीत उतरवून घ्या. हा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही आणि सांगणारे थोडे उरले आहेत.

भीमेकाठच्या एका गावात मी असे एका बाबांना विचारले. ते म्हणाले, “दवाखाना त्या तिथं, आन् आमी ह्या लिंबाखाली.” त्या काळी औषधाची बाटली घरून न्यावी लागे. बाबा सांगू लागले : बाटली दगडावर ठेवायची आणि मागे सरायचं. कंपाउंडर यायचा, लांबूनच ओतायचा. वर कागदाची कातरलेली पट्टी टाकून जायचा, डोस कळावेत म्हणून. आपली आपणच चिकटवायची. “वाऱ्यानं पट्टी उडून गेली की मंग अंदाजानं घ्यायचं,” बाबा म्हणाले, आणि अंगठा नि बोट यांमध्ये अंतर धरून त्यांनी मला दाखवलं, एवढं.